मला ऐकू येते

गेल्या रविवारच्या लग्नापासून आमच्या नातेवाइकांत मी बहिरा म्हणून जाहीर झालो आहे. भरलेल्या कार्यालयात स्वतःच्या कानांची काळजी घेणारा मी बहुधा एकटाच होतो, आणि त्याचेच हे फळ आहे.

नवरीच्या आगमनासाठी मंचाच्या दोन्ही अंगांना माणसाएवढे उंच स्पीकर रचले होते. पहिल्याच ठोक्याला माझ्या हातातले सरबत हिंदकळले. मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपने १०३ डेसिबल दाखवले. अशी ॲप्स थोडीफार चुकतात, हे मान्य. परंतु ८५ डेसिबलचा आवाज फार तर आठ तास सोसावा आणि पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी धरावी, या तज्ज्ञांच्या हिशेबाने माझ्या वाट्याला जेमतेम साडेसात मिनिटे येत होती. तेवढ्यात आमच्याकडची मंगलाष्टकेसुद्धा आटोपत नाहीत, कारण प्रत्येक आत्याला स्वतः रचलेले एक म्हणायचेच असते. तेव्हा मी खिशातून स्पंजचे बोळे काढले.

हे बोळे चारचौघांत घालणे शोभिवंत नसते. बोळा चिमटीत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने दाबून उभे राहायचे. शिक्षा झालेल्या पोरासारखा मी असा कान धरून उभा असतानाच नानांनी मला पाहिले.

नाना हे नवरदेवाच्या आत्याचे यजमान. त्यांनी आपली खुर्ची स्पीकरच्या अगदी पुढ्यात टाकली होती, कारण तिथून ‘सगळे नीट दिसते’.

“काय रे, कानाला काय झालं?”

“काही नाही, नाना. आवाजाचा त्रास होतो.”

“भास होतो?”

“त्रास! त्रास!”

“आवाजाचे भास होतात? कधीपासून?”

मी स्पीकरकडे बोट दाखवले. नानांनी तिकडे निरखून पाहिले, तिथे कोणीही बोलत नसल्याची खात्री करून घेतली आणि माझ्या खांद्यावर अत्यंत करुणेने हात ठेवला. मग पत्नीच्या दिशेने वळून, गाण्यावर मात करणाऱ्या आवाजात, त्यांनी सांगितले, “अगं, याला कमी ऐकू येतं, आणि जे येतं ते भलतंच येतं!” दुर्दैवाने नेमके त्याच क्षणी गाणे थांबले.

पुढे उपाय सुरू झाले. लसूण जाळलेले कोमट तेल, रोज रात्री दोन थेंब. “माझं बघ, सत्तरी उलटली, कान खणखणीत!” मी म्हटले, “तेल घालू नये म्हणतात, नाना. आणि काड्याही घालू नयेत, त्यांनी मळ उलट आत ढकलला जातो.” नाना म्हणाले, “जेवण? होईल एवढ्यात.”

नानांची मला कीव येते आणि रागही येतो. मोठ्या आवाजाने बहुधा बारीक, तीक्ष्ण स्वर आधी जातात. मग बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत, आणि माणूस त्याचा दोष समोरच्याच्या पुटपुटण्याला देतो. बोळ्यांनी आवाज मंदावतो, बंद होत नाही. त्यामुळे पंगतीत माझ्याविषयी चाललेले सारे मला स्वच्छ ऐकू येत होते. “एवढा शिकलेला, पण बघा.” “म्हणूनच बायको एवढी मोठ्यानं बोलते.” वाढप्याने तर मठ्ठा हवा का, हे हातांनी गडवा तिरका करून विचारले, आणि मी “हो” म्हटल्यावर तो दचकला.

हे सगळे हसण्यावारी नेले असते. परंतु दुपारी नाच सुरू झाला, तेव्हा एक गृहस्थ जेमतेम वर्षाचे मूल खांद्यावर घेऊन स्पीकरपाशी नाचू लागले. आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकेका कानात सुमारे १५,००० असतात आणि माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मुलाला ऊन लागू नये म्हणून टोपरे असते, दृष्ट लागू नये म्हणून तीट असते; कानांसाठी मात्र काहीच नसते. मी त्यांना जरा लांब उभे राहायला सांगितले, तर ते म्हणाले, “त्याला आवडतंय, रडतोय का बघा.” व्यवस्थापकाकडे गेलो. त्याने भिंतीवरची पाटी दाखवली: रात्री १० नंतर वाद्ये बंद. दिवसा निवासी भागात ५५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे, हे मी सांगितल्यावर तो नम्रपणे म्हणाला, “साहेब, पार्टीनं पैसे भरलेत.” आणि आवाजाच्या यंत्रामागे बसलेल्या मुलाच्या कानांत, मी नीट पाहिले, माझ्यासारखेच पिवळे बोळे होते.

डिसेंबरात धाकट्या मावसबहिणीचे लग्न आहे. काल मावशीचा फोन आला होता. नानांनी तिला आवर्जून सांगितले आहे, की माझी खुर्ची या वेळी स्पीकरला अगदी चिकटून ठेवावी, म्हणजे बिचाऱ्याला थोडे तरी ऐकू येईल.