एमपीएचला निघालात? विषय नीट निवडा

सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला, वाडीत पेढे वाटून झाले. आता ऐच्छिक विषय. साथरोगशास्त्र आणि जैवसांख्यिकी सक्तीचे, तिथे इलाज नाही. बाकीच्यांत मात्र डोकं वापरा.

आधी वेळापत्रक बघा. शनिवारी तास असेल तो विषय सोडा. शुक्रवार रात्रीची तुतारी एक्स्प्रेस चुकली तर घरचं माशाचं तिखलं चुकतं; आरोग्यातली विषमता काय, सोमवारीही असतेच.

मग नाव. नावाआधी ‘ग्लोबल’ लागलेलं काहीही डोळे मिटून घ्या. ‘कीटकजन्य आजार’ मात्र नको. त्यात फील्डवर्क म्हणजे फलालीनचं फडकं रानातून ओढायचं आणि चिकटलेल्या गोचिडी मोजायच्या. या गोचिडींतून होणारा माकडताप १९५७ साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात सापडला, २०१६ला आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्गात आला आणि नेमका काजूच्या हंगामात माणसं धरू लागला, हे खरं. पण त्या रानातून सुटायला म्हणूनच शिकलात ना?

‘वन हेल्थ’ला, म्हणजे माणूस, जनावरं आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र बघण्याला, भुलू नका, आत उंदीर निघतात. उंदराचं मूत मळ्यातल्या पाण्यात, ते पाणी भातलावणीवालीच्या पायांच्या चिरांत, की झाला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. हे शिकून तुम्ही आईला तो टाळणाऱ्या डॉक्सिसायक्लीनच्या गोळीचं महत्त्व सांगायला जाल आणि ती म्हणेल, ‘‘आदी माज्यावांगडा चिकलात उतर, मगे गोळये सांग.’’

कोणीतरी डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण देईलच. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण बघितले, रक्तदाबाचं प्राझोसिन त्यांना देऊन पाहिलं, ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत गेलं. मान डोलवा. ‘लॅन्सेट’ हवं पण विंचू नको, अशी सोय असलेला विषय अजून निघालेला नाही. तोवर ‘हेल्थ लीडरशिप’ घ्या. त्यात गटचर्चा असते, आणि एसीही.

फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. तुम्ही गावी असाल तर रेंज देवळाच्या पायरीवरच येणार. तिथे काजूच्या कारखान्यातून परतणारी शेजारची काकी थांबेल, टरफलाच्या तेलानं काळी पडलेली, सोललेली बोटं पुढे करील आणि विचारील, ‘‘ह्येचा काय शिकवतत काय रे थंय?’’

शिकवतात. ‘व्यावसायिक आरोग्य’, यादीत सगळ्यात खाली. तिला सांगा, जागा भरल्या. अजून एकही नाव आलेलं नाही, हे तिला कुठून कळणार?