‘माहिती अपुरी आहे’ हेही सिद्ध करावे लागते

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: प्रश्न छापला आहे म्हणजे त्याला उत्तर असणारच, दिलेला प्रत्येक आकडा वापरला की ते निघते, आणि ‘माहिती अपुरी आहे’ हा पर्याय केवळ जागा भरण्यासाठी असतो.

पहिला दावा १९७९ मध्येच तपासला गेला आहे. फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथील गणित-अध्यापन संशोधन संस्थेने प्राथमिक शाळेतील मुलांना विचारले, की जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी आकड्यांची जुळवाजुळव करून वय सांगितले. या मुलांना बेरीज येत नव्हती असे नाही. छापील प्रश्नाला उत्तर असतेच, हा नियम त्यांनी इमानाने पाळला होता. प्रत्येक आकडा वापरण्याचा दुसरा दावाही याच जहाजावर बुडतो.

तिसरा दावा अधिक घातक आहे, कारण तो अपुरेपणा म्हणजे विद्यार्थ्याची हतबलता असे गृहीत धरतो. अजय विजयपेक्षा उंच आहे आणि संजयही विजयपेक्षा उंच आहे. तर सर्वांत उंच कोण? अजय-संजय-विजय आणि संजय-अजय-विजय हे दोन्ही क्रम दिलेल्या विधानांशी जुळतात, पण दोहोंची उत्तरे वेगळी येतात, म्हणून माहिती अपुरी ठरते. अशा दोन मांडण्या कागदावर दाखवणे हा पुरावाच आहे. मात्र याच तिघांत सर्वांत बुटका कोण, असे विचारले तर तीच माहिती पुरेशी होते. पुरेपणा विधानांचा नसतो, तो प्रश्नाच्या संदर्भात ठरतो.

या पर्यायाची पळवाट होते, ही सल्ला देणाऱ्यांची तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. संगणकशास्त्रज्ञ हेक्टर लेवेस्क यांचे एक कोडे नावे बदलून असे मांडता येईल: विवाहित जयंत अनिताकडे पाहतो आहे, अनिता अविवाहित गणेशकडे पाहते आहे; तर कोणी विवाहित व्यक्ती अविवाहित व्यक्तीकडे पाहते आहे का? अनिताविषयी काहीच सांगितलेले नाही, म्हणून बहुतेक जण ‘सांगता येत नाही’ म्हणून मोकळे होतात. पण दोन्ही शक्यता मांडून पाहिल्या, तर ती विवाहित असल्यास गणेशकडे पाहणारी तीच आहे आणि अविवाहित असल्यास तिच्याकडे पाहणारा जयंत आहे. उत्तर दोन्ही वेळा ‘होय’ असेच येते.