मण्यार श्वास ओढत नाही, आणि नागाची नजर मारत नाही

पावसाळा लागला की निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत मोबाईलवर एक मजकूर फिरू लागतो, मराठीत आणि कन्नडातही. मण्यार चावत नाही, झोपलेल्याच्या छातीवर बसून श्वास ओढतो. तुऱ्याच्या नागाशी नजर भिडली की माणूस जागीच लुळा पडतो. त्याची शीळ ऐकणारा वाचत नाही. आणि युरोपच्या जुन्या ग्रंथांतही असा साप आहे, मग खोटं कसं?

आधी तो ग्रंथ बघू. त्यातला साप म्हणजे बॅसिलिस्क. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो: हा आजच्या लिबियातल्या सायरेनाइका भागातला, लांबी 12 बोटांहून जास्त नाही, डोक्यावर मुकुटासारखी पांढरी खूण, अंग उभारून चालणारा, फुत्काराने बाकीच्या सापांना पळवणारा. त्याला मारतं कोण, तर मुंगसासारखंच एक चिमुकलं जनावर. वस्तीवरच्या कुणालाही हे वाचून दाखवा, तो नागाचंच नाव घेईल. आफ्रिकेतले काही नाग समोरच्याच्या डोळ्यांत विष फवारतात. नजरेची दंतकथा तिथूनच निघाली असावी. आपल्याकडचा नाग फवारत नाही. आणि कोंबड्याचा तुरा? प्लिनीकडे तो नाहीच, कित्येक शतकांनी मध्ययुगात चिकटवलेला आहे.

आपल्याकडे दिसतो तो ‘तुरा’ म्हणजे बहुतेक वेळा कात टाकताना डोक्याला अडकून राहिलेला तुकडा. गारुड्याने शिवलेले केसही असतात.

नजरेचं म्हणाल, तर सापाला पापण्याच नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, त्यामुळे झोपलेला सापही टक लावल्यासारखा दिसतो. कात टाकण्याआधी हाच डोळा निळसर, दुधाळ होतो आणि त्या दिवसांत सापालाच नीट दिसत नाही.

सापाला स्वरतंतू नसतात. घोणस अंग फुगवून हवा सोडते तेव्हा कुकरच्या शिट्टीसारखा आवाज होतो, तो इशारा असतो. उसाच्या पाचटातून तो आला तर पाय जिथं आहे तिथंच थांबवा, दिशा ओळखा, मग मागं सरका.

श्वासाची गोष्ट मात्र घातक आहे, कारण ती अर्धी खरी वाटते. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दात इतके बारीक की पुष्कळदा जागही येत नाही; सूज नाही, रक्त नाही. काही तासांनी पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, शब्द जड होतात, शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सकाळी घरच्यांना श्वास थांबलेला दिसतो, दंश दिसत नाही. म्हणून ‘श्वास ओढला’!

उसतोड टोळीच्या खोपीत किंवा मळ्यातल्या घरात पहाटे कुणी पोट दुखतंय म्हणून उठलं आणि पापण्या जड झाल्या, तर पित्ताची गोळी देऊन झोपवू नका. दागिने काढा, दंशाची जागा कळली असेल तर तो हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवा, आवळून बांधू नका, चिरू नका, 108 ला फोन करा. चालवू नका. गिळता येत नसेल तर पाणीही नको, कुशीवर ठेवा. दवाखान्यात ‘रात्री जमिनीवर झोपला होता’ हे आधी सांगा. रक्त 20 मिनिटांत गोठतं का, ही चाचणी घोणस-फुरशासाठी; मण्यारच्या दंशात रक्त नीट गोठतं, त्यावरून घरी पाठवणं चूक. खूण दिसत नसली तरी 24 तास देखरेख हवी. लक्षणं दिसली तर प्रतिविषाच्या साधारण 10 बाटल्यांनी सुरुवात होते, आणि मुलांनाही मात्रा तीच. विष मज्जातंतूंच्या टोकांवर एकदा बसलं की प्रतिविष ते मागं खेचत नाही, मग कृत्रिम श्वासावरच दिवस काढावे लागतात. तेवढ्यावरही माणूस बरा होतो.

आणि रोजच्या रात्रीसाठी: खाट, नाहीतर चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी. कडा लोंबत्या ठेवल्या तर तिचा उपयोग नाही.