दुसरा ग्लास ठेवून बघा : 'घरावर करणी झाल्याची सात लक्षणं' या संदेशाला उत्तर

अमावस्या जवळ आली की एक संदेश व्हॉट्सअॅपवर हमखास फिरायला लागतो, आणि सर्वपित्रीच्या आधी तर त्याला ऊत येतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगाडा तोच. घरावर कोणी काही केलं असेल तर ही लक्षणं दिसतात म्हणे : मिठाच्या पाण्याचा ग्लास ठेवला की मीठ वर चढून बाहेर येतं, ओवाळलेली तुरटी जाळली की तिच्यात माणसाचा आकार उमटतो, मिरच्या जाळूनही ठसका येत नाही, लिंबू कापलं की रक्त निघतं, कपडे आपोआप पेटतात, अंगावर काळ्या फुल्या उठतात, आणि रात्री छातीवर कोणीतरी बसतं. काही आवृत्त्यांत आठवं लक्षण असतं, तुळस वाळते. शेवटी सल्ला : "डॉक्टरांना यातलं कळत नाही. जाणकाराकडून ताबडतोब घर बांधून घ्या. हा संदेश अकरा जणांना पाठवा, साखळी तोडणाऱ्याला त्रास होतो."

सुरुवात मिठापासून करू, कारण सगळ्यांत जास्त माणसं इथेच घाबरतात. आणि त्यांचं चुकतं असंही नाही. मीठ खरोखरच चढतं. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात तीन-चार चमचे खडे मीठ, थोडं व्हिनेगर, ग्लास दाराच्या मागे. तीन-चार दिवसांनी बघावं तर काठावर पांढरा फेस धरलाय, काही मीठ काठ ओलांडून बाहेरच्या अंगाने बशीत उतरलंय. पाण्यात विरघळलेलं मीठ भिंत चढून बाहेर येताना ज्याने कधी पाहिलं नाही, त्याच्या पोटात गोळा येणारच.

ग्लासातलं पाणी जिथे काचेला टेकतं, तिथे त्याची कड किंचित वर ओढली जाते. ही कड पातळ, म्हणून तिथलं पाणी सगळ्यांत आधी उडतं आणि मीठ काचेवर बसतं. या कणांच्या मधे बारीक फटी असतात. दिव्याची वात जशी तेल ओढते तशा त्या खालचं खारं पाणी वर ओढतात. ते टोकाशी सुकतं, नवे कण बसतात, त्यांच्या फटी आणखी वर ओढतात. जुन्या घराच्या भिंतीला लोणा फुटतो तोही याच रीतीने. व्हिनेगरचं यात काही काम नाही. पाणी जितकं खारट तितकं हे लवकर होतं (१०० मिलिलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ मावतं). पंख्याखाली आणि कोरड्या हवेत वेग वाढतो, कोकणातल्या जुलैत ग्लास आठवडाभर ढिम्म राहू शकतो.

पटत नसेल तर तीन ग्लास ठेवा, एकाच दाराच्या मागे, एकाच मापाने. पहिला संदेशात सांगितल्यासारखा. दुसऱ्याच्या आतल्या काठाला, पाण्याच्या वर, बोटभर रुंदीचा व्हॅसलीनचा किंवा तुपाचा पट्टा चोळा. तिसऱ्यावर बशी झाका. पहिल्यातलं मीठ चढेल. दुसऱ्यातलं तुपाच्या पट्ट्याखाली अडेल, कारण तुपाला पाणी चिकटत नाही. तिसऱ्यात जवळजवळ काहीच होणार नाही, कारण झाकलेलं पाणी उडत नाही. करणी तुपाने अडते आणि बशीने थांबते असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणो बापडे. हवं तर चौथा ग्लास देवघरात ठेवा. मीठ तिथेही चढेल.

संदेशात एकच ग्लास असतो, दुसरा कधीच नसतो. आणि मीठ चढलंच नाही तर? जाणकार सांगतो, "शक्ती इतकी जबर आहे की तिने ग्लास दाबला." चढलं तरी करणी, न चढलं तरी करणी. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर ग्लास ठेवायचाच कशाला?

तुरटीचं थोडक्यात. तुरटीच्या वजनात जवळजवळ ४५ टक्के पाणी असतं. साधारण ९२ अंशांना ती या स्वतःच्याच पाण्यात वितळते, मग पाण्याची वाफ होते आणि खडा फुगून पांढरा, पोकळ, वेडावाकडा होतो. वेड्यावाकड्या आकारात नाक-डोळे शोधायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते, ढगांतही दिसतातच की. इथे दुसरा ग्लास म्हणजे दुसरा खडा : कोणावरही न ओवाळता जाळा आणि शेजारच्या तिघांना वेगवेगळं विचारा, यात कोण दिसतं. तिघं तीन नावं सांगतील. करमणूक म्हणून ठीक. अडचण तेव्हा होते, जेव्हा त्या आकारात जावेचा किंवा शेजारणीचा चेहरा 'दिसतो'.

मिरचीचा ठसका येतो तो तिच्यातला तिखट अंश धुरावाटे घशात गेल्यामुळे. निखाऱ्यावर मिरची धुमसते, धूर घरभर होतो. गॅसच्या मोठ्या ज्योतीवर ती धडधडून जळते, तिखटपणाही बराचसा जळून जातो, उरलेला धूर चिमणी ओढून नेते. शिवाय मिरची कोणती? लवंगी आणि बेडगी एका मापाने ठसका देत नाहीत. आजी चुलीवर दृष्ट काढायची तेव्हा सगळे खोकायचे आणि आता फ्लॅटमध्ये कोणी खोकत नाही, यावरून दृष्टी जबर झाल्या असं ठरत नाही. खडे मीठ तडतडतं ते स्फटिकात अडकलेल्या पाण्याची वाफ होते म्हणून. घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर मात्र हा धूर करूच नका. त्याने श्वासनलिका आवळतात आणि 'उतरवताना' पोराची धाप वाढते.

लिंबू घरी आपोआप रक्ताळत नाही, ते नेहमी कोणीतरी कापायला बसल्यावरच रक्ताळतं. सुरी कोणाची आहे ते आधी बघा. जास्वंदीच्या पाकळ्या पात्यावर चोळून वाळवल्या की पातं नुसतं मळकट दिसतं. आंबट रस लागताच त्यातला रंग लालभडक होतो. मिथिल ऑरेंज नावाचं प्रयोगशाळेतलं रसायनही हेच काम करतं, ते आम्लात लाल होतं. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की पाणी लाल होतं, ही त्याचीच उलटी बाजू. कुंकू करणाऱ्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

ओळखायची रीत सोपी आहे. लिंबू तुमचं, सुरी तुमची, ती साबणाने धुऊन पुसलेली, आणि कापणारे हातही तुमचेच. एवढ्यानेच बहुतेक ठिकाणी 'आज अनुकूल वेळ नाही' असं उत्तर येतं. लाल पाणी निघालंच तर वाटीत घ्या आणि त्यात फेस यायचा थांबेपर्यंत चिमूट चिमूट खाण्याचा सोडा टाका. जास्वंदीचा लाल रंग जांभळट-निळसर होईल, मिथिल ऑरेंजचा पिवळा होईल. रक्त असतं तर ते पिवळं किंवा निळं झालं नसतं.

कपडे पेटण्याच्या प्रकाराला भानामती म्हणतात. मराठवाड्यात आणि लगतच्या कर्नाटक-तेलंगणात हा शब्द जास्त ऐकू येतो. बुवा समोर बसून पेटवतो ती गोष्ट वेगळी : होमात तो 'तूप' म्हणून ओततो ते ग्लिसरीन असतं आणि खाली पोटॅशियम परमँगनेटची पूड असते, पाणी शिंपडताच पेटणाऱ्या नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा खुपसलेला असतो. दोन्ही घरी करून बघायच्या गोष्टी नव्हेत, डोळे जातात.

कोणी समोर नसताना घरात पेटत असेल तर वही घ्या. तारीख, वेळ, काय पेटलं, जमिनीपासून किती उंचीवर, खालून पेटलं की वरून, आणि त्या आधीच्या दहा मिनिटांत घरातलं कोण कुठे होतं. आठवडाभराच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की दिसतं : कुलूपबंद कपाटातलं काही पेटत नाही, हाताच्या उंचीवरचं पेटतं, आणि एक माणूस घरात नसतो त्या दिवशी काहीच होत नाही. बहुतेकदा ते माणूस घरातलं सगळ्यांत कोंडलेलं असतं. शाळा सुटलेली मुलगी, नवी सून, मार खाणारा पोरगा. म्हणून वही भिंतीवर लावू नका आणि चारचौघांत नाव घेऊ नका. त्या माणसाशी एकट्याने, न रागावता बोला आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. सरकारी टेलीमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे. नाव जाहीर झालं की आग थांबते खरी, पण माणूस हातचं जातं. इथे उतावीळपणा करणारे विवेकवादीही बुवाइतकंच नुकसान करतात.

अंगावरच्या काळ्या फुल्यांचं कारण पुष्कळदा बिब्बा असतो. बिब्ब्याच्या फळातलं काळं तेल कातडीला लागलं की आधी डाग, मग काही तासांत ते एक-दोन दिवसांत खाज, सूज, फोड. परीट पूर्वी कपड्यांवर खुणा करायचे त्या याच तेलाने, आणि त्या खुणेच्या जागी कपडा घालणाऱ्याच्या मानेला चट्टा उठायचा. फुली, त्रिशूळ, अक्षर असा नेमका आकार असेल तर तो कोणीतरी काढलेला आहे. हात पोचतो तिथेच तो असतो का, हे बघा. जागा साबणाने धुवा, फोड फोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

पावसाळ्यात आणि त्यानंतर आणखी एक गुन्हेगार असतो. सात ते दहा मिलिमीटर लांबीचा, मुंगीसारखा दिसणारा, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा किडा ट्यूबलाइटकडे येतो. तो चावत नाही. मानेवर बसला की आपण झोपेत चिरडतो आणि त्याच्या अंगातलं द्रव्य कातडीवर फासलं जातं. लगेच काही कळत नाही. बारा तासांपासून दोन दिवसांपर्यंत कधीतरी चाबूक मारल्यासारखी लाल रेघ उठते. कोपराच्या घडीत तर समोरासमोर दोन सारखे डाग उमटतात, एकाचा ठसा दुसऱ्यावर. रात्री काहीच नव्हतं आणि सकाळी 'कोणीतरी मारलं', अशी समजूत होते ती यामुळेच. किडा दिसला तर फुंकर मारून उडवा, चिरडू नका, जागा साबणाने धुवा आणि बिछाना दिव्याखालून हलवा.

मार न लागता निळे-काळे डाग उठत असतील, सोबत ताप किंवा हिरड्यांतून रक्त असेल, तर मात्र हा लेख वाचत बसू नका. त्याच दिवशी रक्ताची तपासणी करा, प्लेटलेट्स बघा. डेंगी अंगाऱ्याची वाट बघत नाही. संदेशातलं "डॉक्टरांना कळत नाही" हे वाक्य सगळ्यांत घातक ठरतं ते इथे.

छातीवर बसणारं जे कोणी आहे, ते झोपेतलं आहे. स्वप्नाच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, नाहीतर आपण स्वप्नात धावताना पलंगावरून पडलो असतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. डोळे उघडे, अंग हलत नाही, श्वास कोंडल्यासारखा वाटतो, आणि अर्धवट स्वप्न खोलीतच दिसत राहतं. काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं. जागरण, रात्रपाळी आणि उताणं झोपणं यांनी हे वाढतं. त्या वेळी ओरडायची धडपड न करता पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा, नंतर कुशीवर वळा. आठवड्यातून बऱ्याचदा होत असेल, दिवसाही झोप अनावर येत असेल किंवा घोरताना श्वास अडकत असेल तर डॉक्टरांना सांगा.

तुळशीवर फार शब्द नकोत. कुंडीला भोक आहे का, बुंध्याशी रोज दूध-पाणी तुंबतं का, उदबत्ती मुळाशी खोचता का, मंजिऱ्या खुडता का? डिसेंबरच्या थंडीत ती तशीही मलूल होते.

आता उरला उपाय, 'घर बांधणं'. चार कोपऱ्यांत खिळे, उंबऱ्यावर बाहुली, गळ्यात ताईत. पहिली भेट बहुधा फुकट असते. "बाहेरचं आहे, जवळच्याच बाईने केलंय, तुम्ही मनाने चांगले पण यश टिकत नाही", हे कोणत्याही घराला लागू पडतं. तुम्ही "हो, आमची चुलती..." म्हटलंत की पुढचं सगळं तुम्हीच पुरवता. बोलणं रेकॉर्ड करून नंतर ऐका आणि मोजा : चुलतीचं नाव आधी कोणी घेतलं?

हे नाव घेणं नुसतं वाईट नाही, गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अमुक व्यक्ती करणी करते असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं, भूत उतरवायला मारहाण करणं किंवा मिरचीची धुरी देणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं, हे सगळं त्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते. जाताना संदेशाचा स्क्रीनशॉट, पैसे दिल्याची नोंद आणि रेकॉर्डिंग घेऊन जा. 'हा कायदा देवाधर्माविरुद्ध आहे' असं सांगणाऱ्याला त्यातलंच कलम १२ दाखवा : पूजा, प्रदक्षिणा, वारी, कीर्तन यांना तो हात लावत नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून शांत वाटत असेल तर जरूर लावा, त्यासाठी कोणाला पैसे मोजावे लागत नाहीत.

शेवटी त्या अकरा जणांचं. प्रत्येकाने अकरा नव्या जणांना पाठवलं तर नवव्या फेरीला हा संदेश २३५ कोटी माणसांकडे पोचतो, आणि दहाव्या फेरीला २,५९३ कोटी माणसं लागतात. पृथ्वीवर आहेत ८०० कोटींच्या थोडी वर. साखळी कुणाला तरी तोडावीच लागणार आहे, तर ती तुम्हीच तोडा.