बारचं बिल न करणारी माणसं

आज दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं नोंदवहीत चढवत होते, तेवढ्यात हॉटेलवाल्याचा फोन. "मॅडम, त्या तारखांना एक लग्न आलंय. पूर्ण प्रॉपर्टी घेतात ते. तुमच्या रूम्स आता जमणार नाहीत. ॲडव्हान्स परत करतो." एवढं बोलून मोकळा. मी म्हटलं, अहो, पैसे घेतलेत, व्हॉट्सॲपवर कन्फर्म लिहून दिलंय, नावांची यादीसुद्धा पाठवली तुम्हाला. तर म्हणतो, "सीझन सुरू जाला मॅडम." अगदी शांत, गोड आवाजात. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमचं ग्रंथपालांचं अधिवेशन यंदा पणजीत आहे आणि निवास व्यवस्था माझ्या गळ्यात आहे. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. साठेक माणसं, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगाव, थोडी मुंबईची. कुणालाही समुद्र दिसणारी खोली नकोय. स्वच्छ चादर, गरम पाणी, एका खोलीत तिघं, पाटोपासून (पणजीच्या बसस्टँडकडचा भाग) फार लांब नको. एवढंच. आणि बिल संस्थेच्या नावाने, कारण त्याशिवाय यांच्या गावाकडे प्रवासभत्ता पास होत नाही.

या साठातले एक गृहस्थ देवगड तालुक्यातल्या एका खेड्यात वाचनालय चालवतात. ड वर्ग. महाराष्ट्रातल्या वाचनालयांचं अ, ब, क, ड तुम्हाला माहीत असेलच. ड म्हणजे सगळ्यात कमी अनुदान, आणि त्यातूनच या माणसाचं मानधन. नाव नोंदवायला फोन केला तेव्हा मी विचारलं, खोली तिघांत चालेल ना? तर म्हणाले, "ताई, माझ्या खोलयेचा बघू नकात. मी खंयव सतरंजी टाकून झोपतलंय. फकत ती सेंट्रल लायब्ररी बघूक गावात मा?"

१८३२ साली सुरू झालेलं ग्रंथालय आपल्या पणजीत आहे, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांतलं एक, आणि ते बघायला हा माणूस जमिनीवर झोपायला तयार आहे. आणि आपण त्याला खोली देऊ शकत नाही, कारण तो बारचं बिल करणार नाही.

होय, मुद्दा हाच आहे, आणि हॉटेलात काम केलेला कुणीही तुम्हाला तो सांगेल. लग्नाचा ग्रुप खोलीवर थांबत नाही. हॉल घेतो, मेंदी, हळद, संगीत, तीन दिवसांचं जेवण, दारू. खरा पैसा तिथे. आमचा ग्रुप सकाळचा चहा-नाश्ता करून निघणार, दुपारी अधिवेशनात जेवणार, रात्री मत्स्यथाळी खायला बाहेर पडणार. ग्रुप रेट मागणार तो वर. मग आम्हाला कोण विचारतो? आम्ही म्हणजे रिकाम्या खोल्या भरायची भरती. खरं गिऱ्हाईक आलं की उठा.

सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मला भाबडीला वाटलं होतं, चला, काहीतरी उतरेल. एका तरी फोनवर भाव उतरलेला ऐकला असेल तर शपथ! उलट "वीकेंड रेट वेगळा", "एक्स्ट्रा बेडचे वेगळे", "ब्रेकफास्ट धरला नाहीये मॅडम". चेक-इन दुपारी दोनला. कोकणकन्येने सकाळी थिवीला उतरलेली बाई दोन वाजेपर्यंत बॅग घेऊन कुठे बसणार, कदंब स्टँडवर? विचारलं तर म्हणे अर्ली चेक-इनचे अर्धे भाडे.

बरं, मान्य. तारीख ठरवणाऱ्यांनी गोव्याचं कॅलेंडर बघायला हवं होतं. २००४ पासून नोव्हेंबरअखेर इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत असतो, लगेच ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं सेंट झेवियरचं फेस्त, त्याच्या नोव्हेनाही (आधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) तेव्हाच. पण तारीख पुण्यामुंबईत बसून ठरते, आणि तिथे गोवा म्हणजे "अगं, तिथे काय, हॉटेलंच हॉटेलं!"

आहेत ना हॉटेलं. कळंगुट-बागा भागात तर पाय ठेवायला जागा नाही इतकी. पण ती कुणासाठी? पूर्वी पणजीत साधे लॉज होते. कोर्टाच्या कामाला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पेशंट दाखवायला आलेला माणूस एक रात्र काढून जायचा. मळा, फोंतेन्हास या पणजीच्या जुन्या भागांत जुनी घरं होती, तिथे आता बुटीक. भिंत पिवळी, खिडकी निळी, भाडं विचारू नका. छान दिसतं, मीही पाहुण्यांना फोटो काढायला तिथेच नेते. पण आपल्याच राजधानीत कामासाठी आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा नसावी याचं कुणाला काहीच वाटत नाही, याचा मला राग येतो. देवगडच्या त्या माणसाला मी काय सांगू? की तुम्ही म्हणालात ते खरंच होणार, सतरंजी घेऊन या?

संध्याकाळी म्हापशाला घरी आले, चहा घेतला, जरा थंड झाले. हॉटेलवाल्याची बाजूही आहे म्हणा. चार महिन्यांच्या कमाईवर पावसाळा काढायचा असतो, पोरांचे पगार द्यायचे असतात. आणि आमची माणसंही काही कमी नाहीत. नाव देतात, शेवटच्या दिवशी "नात आजारी आहे", दोन खोल्या रिकाम्या, पैसे कुणी भरायचे? ठीक आहे. पण म्हणून ॲडव्हान्स घेतलेला शब्द मोडायचा? आम्ही रद्द केलं की ॲडव्हान्स बुडतो. तुम्ही रद्द केलं की नुसता परत, तोही "सात वर्किंग डेज"मध्ये. हा कुठला न्याय? यावर नियम हवा. ग्रुपची आगाऊ रक्कम घेतली तर तेवढ्याच अंतरावर, त्याच दरात दुसरी जागा लावून द्यायची, नाहीतर दुप्पट परत. सरकारला अधिवेशनं हवीत, परिषदा हव्यात, भाषणांत ऐकतोच की आपण. मग फक्त पंचतारांकितवाल्यांचीच अधिवेशनं होणार का? शिक्षक, ग्रंथपाल, नर्सेस, पोस्टातली माणसं, यांनी जमायचंच नाही?

हॉटेलवाल्याचा फोन ठेवल्यावर मी शेवटी फोंडा महालातल्या एका देवस्थानाच्या अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, विचारलं. (मिरामारच्या यूथ हॉस्टेलला आधीच विचारून ठेवलंय, डॉर्मिटरीत थोडे तरुण बसतील.) अग्रशाळेतल्या काकांनी तीन प्रश्न विचारले. माणसं किती? बायका किती? रात्रीचं जेवण इथे का? मग म्हणाले, महाजनांचं (देवस्थानाच्या मानकरी घराण्यांचं) काही कार्य निघालं तर आधी त्यांना, पण त्या तारखांना काही नाही, या. मद्य-मांस नाही, रात्री दहानंतर फाटक बंद. संपलं. ना रूमिंग लिस्ट, ना "रेट रिवाइज झालाय मॅडम".

माझी मुंबईची मंडळी नाक मुरडणार, मला ठाऊक आहे. "गोव्यात येऊन अग्रशाळा?" ज्यांना नको त्यांनी स्वतःचं बघावं, स्पष्ट सांगते. ज्येष्ठ आणि गुडघेवाले पाटोजवळच्या लॉजवर, तेवढ्या खोल्या हातात आहेत. बाकी सगळे फोंड्याला. देवगडच्यांना मघाशीच फोन करून कळवलं. त्यांना एकच काळजी, लायब्ररी रविवारी उघडी असते का. म्हटलं, शनिवारी सकाळी पहिलं सत्र बुडवा आणि जा, मी काही बोलणार नाही. अध्यक्षांनी ही पोस्ट वाचली तरी चालेल.

आता प्रश्न बसचा. फोंडा-पणजी सकाळी आठला एक मोठी बस, संध्याकाळी परत, दोन दिवस. रात्री दहाच्या आत फाटकाशी पोचवायचं आहे, म्हणजे ड्रायव्हर वेळ पाळणारा हवा. फोंडा-कुर्टी बाजूचं कुणी ओळखीचं असेल तर इनबॉक्स करा. आणि कृपा करून कमेंटमध्ये "होमस्टे बघ ना" लिहू नका. बघितले. संस्थेच्या नावाने बिल मागितलं की पलीकडून फोन कट होतो.