एमबीपीएस मोजून झाले असतील, तर आता वाटेतले डबे मोजा

गेल्या पंधरा दिवसांत घरी नेट घेण्याबद्दलचा एकच निरोप मला चार गटांवर आला: सोसायटीचा, भिशीचा, माहेरचा आणि शाळेतल्या मैत्रिणींचा. शेवटी बी विंगमधल्या मुलाने तो मला वेगळा पाठवला आणि खाली लिहिलं, 'काकू, वाचा. तुमच्या खात्यातलंच आहे.' खातं म्हणजे टेलिफोन खातं. तिथे मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी १९८ वर येणाऱ्या तक्रारी नोंदवण्यात. जानेवारी २०२० च्या अखेरीस स्वेच्छानिवृत्ती घेतली. तेव्हा माझ्यासारखे ७८ हजारांहून जास्त लोक एका दिवसात बाहेर पडले होते. त्यात तुमच्या गल्लीतला लाइनमनही असेल, आणि त्याचा या विषयाशी संबंध आहे, पुढे येईलच.

निरोप असा: 'घरी नेट घेताय? १) जितके एमबीपीएस जास्त तितकं नेट चांगलं. २) अनलिमिटेड म्हणजे अनलिमिटेड, डेटा मोजत बसू नका. ३) एअरफायबर म्हणजे फायबरच, फक्त वायरची कटकट नाही. ४) जुनी लँडलाइन काढून टाका, फायबरबरोबर फोन फुकट येतो आणि नंबर तोच राहतो. ५) केबलवाल्याच्या नादी लागू नका, मोठी कंपनीच घ्या, घरातली सिमही तिचीच ठेवा. ६) वर्षाचे पैसे एकदम भरा. ७) त्रास झाला तर ट्रायकडे तक्रार टाका, दोन दिवसांत काम होतं.'

यातली तीन वाक्यं सरळ खोटी आहेत. उरलेली अर्धी खरी, म्हणून त्यांना जास्त वेळ लागेल.

पहिला मुद्दा. एमबीपीएस म्हणजे नेटचा वेग, सेकंदाला किती मेगाबिट. फोर-के चित्रपटाला नेटफ्लिक्स स्वतः १५ एमबीपीएस पुरेसे म्हणतं. चांगल्या व्हिडिओ कॉलला ३-४ पुरतात. म्हणजे दोघं मीटिंगमध्ये, आजी मालिका बघतायत आणि नातू गेम उतरवतोय, अशा घरालाही १०० चं कनेक्शन पुरतं. तरी नेट अडकतं ते का? आमच्या सोसायटीत मी नऊ-दहा घरांत जाऊन पाहिलं आहे. राउटर कुठे असतो? वायर जिथून आत येते तिथे, म्हणजे दारामागे, चपलांच्या लोखंडी कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे कोंबलेला. तिथून आतल्या बेडरूमपर्यंत दोन भिंती आणि एक फ्रिज. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान वायफाय भिंतीपुढे दमतो. २.४ चा भिंतीपलीकडे पोचतो, पण त्याच पट्ट्यात वरच्या, खालच्या, शेजारच्या सगळ्यांचे राउटर बोलत असतात. अशा घरात ३०० चा प्लॅन घेतला तर बिल वाढेल, आतल्या खोलीत फरक पडणार नाही. राउटर हॉलच्या मध्यावर, उंचावर आणून पाहा. त्याला फक्त पाच मीटर वायर लागते.

आणखी एक गंमत. स्वस्त राउटरच्या मागची भोकं कित्येकदा १०० एमबीपीएसचीच असतात. तुम्ही २०० चे पैसे भरा, वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवर ९४-९५ च्या वर आकडा जाणार नाही. आमच्या मजल्यावरच्या एका घराने दीड वर्ष हे केलं. शिवाय १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, कारण आठ बिटांचा एक बाइट. 'शंभरचं घेतलंय आणि बाराच येतंय' म्हणून भांडायला जाण्याआधी हा भागाकार करा.

दुसरा मुद्दा चटकन सोडवू. 'अनलिमिटेड'च्या खाली बारीक अक्षरांत मर्यादा असते, ती संपली की वेग घसरतो. वायरच्या फायबरवर ती बहुधा महिन्याला ३३०० जीबी असते, म्हणजे दिवसाला ११०. एवढं वापरायला घरात लग्नाचा हॉल हवा. तिथे खरंच मोजू नका. एअरफायबरवर मात्र १००० जीबीची मर्यादा असते. फोर-के ला तासाला साधारण ७ जीबी लागतात, म्हणजे एकच मोठा टीव्ही रोज पावणेपाच तास चालला की महिना पुरा. सुट्टीत मुलं घरी असली की हे होतं.

तिसरा, एअरफायबर. हे नाव ज्याने दिलं त्याला दाद द्यावी, कारण त्यात फायबर, म्हणजे काचेचा धागा, नाही. टॉवरवरून ५जीच्या लहरी येतात, गच्चीवरचा किंवा खिडकीबाहेरचा डबा त्या पकडतो आणि घरातला राउटर वाटतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एअरटेलने दिल्ली-मुंबईत आणि गणेशचतुर्थीला जिओने ही सेवा सुरू केली. वाईट नाही ती. कोकणातल्या ज्या वाडीपर्यंत कुणी वायर ओढणार नाही, तिथे समोर टॉवर दिसत असेल तर जरूर घ्या. पण टॉवरची क्षमता सगळ्या गिऱ्हाइकांत आणि गावभरच्या मोबाइलांत वाटली जाते, म्हणून रात्री नऊला काय होतं ते आधी शेजाऱ्याकडे बघून या. दुपारी तीनला दाखवलेला आकडा कामाचा नाही. आणि दारात खरं फायबर आलेलं असताना केवळ 'वायरची कटकट नको' म्हणून हवेवर जाणं मला पटत नाही.

आता चौथा, माझ्या जिव्हाळ्याचा.

नंबर तोच राहतो, हे मोबाइलबाबत खरं आहे. नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ ला देशभर आली. ती मोबाइलपुरतीच. लँडलाइनला ती सोय आपल्याकडे नाही. त्याच कंपनीच्या फायबरवर गेलात तर जुना नंबर बहुधा ठेवता येतो, दुसऱ्या कंपनीकडे गेलात तर तो गेला. तीस वर्षं बँकेत, विम्यात, नातेवाइकांच्या वहीत लिहिलेला नंबर सोडायचा तर सोडा, पण आधी त्या नोंदी बदला.

दुसरी गोष्ट विजेची. जुन्या तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून येते, ४८ व्होल्ट, खाली बॅटरीची खोली आणि मागे जनरेटर. म्हणून घरातली वीज गेली तरी काळा फोन वाजायचा. फायबरमधून उजेड जातो, वीज जात नाही. तुमच्या भिंतीवरचा डबा तुमच्याच मीटरवर चालतो. वीज गेली की नेटही गेलं आणि तो 'फुकट' फोनही. घरात एकटे ज्येष्ठ असतील तर हे हसण्यावारी नेऊ नका. हजार-दीड हजारात १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो डब्याला आणि राउटरला लावा.

तेवढ्याने भागेल? ते वाटेवर अवलंबून आहे, आणि हा प्रश्न कुणीच विचारत नाही. एका पद्धतीत एक्स्चेंजपासून घरापर्यंत सलग फायबर असतं. मधे फक्त स्प्लिटर, म्हणजे एका धाग्याचे ३२ किंवा ६४ करणारी डबी. तिला वीज लागत नाही. दुसऱ्या पद्धतीत फायबर एखाद्या इमारतीच्या गच्चीपर्यंत येतं, तिथे स्विच, म्हणजे नेट घरोघर वाटणारा आणि वीज लागणारा डबा, असतो आणि पुढे निळी-पिवळी लॅन केबल. त्या इमारतीची वीज गेली की तुमच्याकडे इन्व्हर्टर असूनही नेट बंद. म्हणून विक्रेत्याला एमबीपीएस विचारून झाले की हे विचारा: 'इथून तुमच्या ऑफिसपर्यंत वीज लागणारे डबे किती, आणि ते कुणाच्या मीटरवर?' उत्तर येईपर्यंत जी शांतता पसरते तिच्यावरूनही बरंच कळतं.

पाचवा मुद्दा इथूनच निघतो. मोठी कंपनी की केबलवाला, ही निवड पुष्कळ गल्ल्यांत नावापुरतीच असते. कंपनी मोठी, पण शेवटचे शंभर मीटर ओढणारा आणि तुटल्यावर जोडणारा ठेकेदार स्थानिकच. कधी कधी तोच जुना केबलवाला, फक्त टी-शर्ट बदललेला. वायर तुटते ती याच शंभर मीटरांत: मे महिन्यातली खोदाई, पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणी, मग गणपतीचा मांडव. खात्यात असताना लाइनमनला कुठल्या पिलरची, म्हणजे रस्त्यावरच्या टेलिफोन पेटीची, कुठली तारांची जोडी कुजलीय हे पाठ असायचं. आता ते ज्ञान कंपनीच्या नावात नाही, सायकल किंवा स्कूटरवरून फिरणाऱ्या एखाद्या पोराच्या डोक्यात आहे. जोडणीचं यंत्र त्याच्याकडे आहे की दुसऱ्या उपनगरातून मागवावं लागतं, यावर तुमचे दोन तास जाणार की दोन दिवस हे ठरतं. ही माहिती वॉचमनकडे मिळते, नाहीतर 'मागच्या वेळी कधी बंद पडलं आणि कितव्या दिवशी सुरू झालं?' असं खालच्या मजल्यावर विचारून.

केबलवाल्याची बाजू घेते आहे असं समजू नका. जो जीएसटीचं बिल देत नाही, तक्रारीला नंबर देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. घराबाहेरून सीसीटीव्ही बघायचा असेल तर तुम्हाला स्वतंत्र आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मिळतो का तेही विचारा. छोटे पुरवठादार एकाच पत्त्यामागे शेकडो घरं बसवतात, मग काही कॅमेरे बाहेरून उघडतच नाहीत.

सिम मात्र फायबरच्या कंपनीचं ठेवू नका, निदान घरातलं एक तरी. कंपनीचं जाळं पडलं तर घरचं नेट आणि खिशातला फोन एकदम मुके होतात. फ्लॅटमध्ये रेंज नसेल तर वायफाय कॉलिंग सुरू करा. ते कुणाच्याही वायफायवरून चालतं, त्यासाठी फायबर आणि सिम एका घराण्याचं असायची गरज नाही.

वर्षाचे पैसे. ४९९ ची पाटी असते, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैसे होतात. वर्षाचे भरले की एक-दोन महिने जास्त मिळतात हे खरं. पण पहिले तीन महिने तरी महिन्याचेच भरा, त्यातला एक पावसाळ्यातला असला तर उत्तम. आगाऊ भरलेलं भाडं परत मिळवताना काय होतं हे मी एका कंपनीकडे अनुभवलंय, पाच महिन्यांच्या पैशांवर पाणी सोडलं. अनामत रकमेची गोष्ट वेगळी. ती कनेक्शन बंद केल्यावर ४५ दिवसांत परत द्यायची असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम आहे. म्हणून पावतीवर 'अनामत' लिहिलंय की 'भाडं' ते पैसे देतानाच वाचा.

शेवटचा मुद्दा, ट्राय. ट्राय नियम करते, घरोघरच्या तक्रारी सोडवत नाही. रस्ता असा आहे: आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा डॉकेट नंबर घ्यायचा. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायचं, त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचाराच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. दोन दिवसांत काम होतं ते गटातल्या निरोपातच.

बी विंगच्या मुलाला मी एवढंच कळवलंय: येत्या गुरुवारी दुरुस्तीसाठी आपल्याकडची वीज दहाला जाणार आहे. सोसायटीत चार कंपन्यांची कनेक्शनं आहेत आणि प्रत्येकीच्या एका तरी घरात इन्व्हर्टर आहे. कुणाचं नेट किती वाजता गेलं ते वहीत लिही, संध्याकाळी चहाला ये.