पोरांनी मत कुठं द्यायचं, ते तुम्हीच ठरवा

१५ जानेवारी २०२६ ला पुण्यात महापालिकेचं मतदान झालं आणि संध्याकाळच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर निकालही लागला: "आजकालच्या पोरांना रील बनवायला वेळ आहे, मत द्यायला नाही." अगदी बरोबर. असल्या पोरांवर काही सोपवून चालत नाही. तेव्हा बाहेरगावी शिकणाऱ्यांनी मत कुठं द्यावं, हा प्रश्न आपण मोठ्यांनीच सोडवलेला बरा. उत्तर सोपं आहे: कुठंच नाही. थोडे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

सुरुवात पालकांनी करावी. पोरगं अठराचं झालं की त्याला न विचारता गावच्या यादीत नाव घालून मोकळं व्हा. हॉस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरचा पत्ता किंवा हॉस्टेलचा पत्ता, यांतला हवा तो निवडता येतो, असं निवडणूक आयोगच सांगतो. शिक्षण मान्यताप्राप्त आणि अभ्यासक्रम किमान एक वर्षाचा हवा, एवढंच. हे त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. ग्रामपंचायतीला उमेदवार गाडी पाठवून त्याला उचलून आणतीलच; डिझेल कुणाचं, हे विचारायचं नसतं. लोकसभेला मात्र त्याची आठवण कुणालाच होत नाही.

कॉलेजच्या ऑफिसातल्या मंडळींना वेगळं शिकवायला नको. हॉस्टेलच्या पत्त्यावर फॉर्म ६, म्हणजे यादीत नवं नाव घालायचा अर्ज, भरायचा तर ठरलेल्या नमुन्यात बोनाफाईड लागतं, त्यावर प्राचार्य किंवा रजिस्ट्रार यांची सही लागते. तुम्ही एसटी पासचं छापील बोनाफाईड पुढं सरकवा. कारणाच्या रकान्यात 'मतदार नोंदणी' दिसलं की म्हणा, "असलं कारण आमच्याकडं बसत नाही."

कॉलेजचं आयकार्ड बूथवर चालतं, असंही खुशाल सांगा. चालत नाही.

गावच्या यादीत ज्याचं नाव आहे, त्याला पुन्हा फॉर्म ६ भरायला लावा. त्यानं भरायचा असतो फॉर्म ८: त्यात 'निवासस्थान बदल' निवडायचं, मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाकायचा, म्हणजे इकडं नाव लागतं आणि तिकडचं निघतं. फॉर्म ६ मध्ये 'माझं नाव इतर कुठल्याही यादीत नाही' असं लिहून द्यावं लागतं, आणि खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे न सांगता नंतर 'दुबार मतदार' म्हणून त्याच्याच नावानं बोंब मारता येते.

आता खरे कलाकार, घरमालक. टू बीएचकेत आठ पोरं कॉट बेसिसवर भरा. भाडं रोख घ्या. करार करू नका, केलाच तर एकाच्या नावावर करा. भाडेकरूला पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करार चालतो, म्हणून तर तो द्यायचा नाही. अकरा महिन्यांचा असला तरी करार नोंदवावा लागतो. ती जबाबदारी मालकाची आहे आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं. सांगू द्या. वीजबिल मागितलं तर "पोरं नाव लावून घर बळकावतील" म्हणा. मतदार यादीतल्या नावानं घरावर कवडीचाही हक्क मिळत नाही, पण दहशत ठेवायला बरं पडतं. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा सरकारी माणूस, पडताळणीला आला की दारातूनच सांगा, "इथं कुणी राहत नाही." मागं दोरीवर आठ जीन्स वाळत असतात, त्याचं काय एवढं! सदाशिव पेठेत एमपीएससी करणाऱ्याला तर कॉलेजही नसतं, म्हणजे बोनाफाईडही नाही. तो कुणाच्याच हिशेबात नाही. भाड्याच्या हिशेबात मात्र तारखेला अचूक असतो!

पुरे झालं नाटक. त्या ग्रुपवरच्या काका-काकूंनो, जरा ऐका. ही महापालिकेची निवडणूक १ जुलै २०२५ च्या विधानसभा मतदार यादीवर झाली. जुलै-ऑगस्टमध्ये ॲडमिशन घेऊन आलेल्या पोराचं नाव तुमच्या प्रभागात येणार कुठून? नांदेडच्या पोराचं मतदानही त्याच गुरुवारी, तिकडं. म्हणजे बुधवारी रात्री निघा, मत द्या, गुरुवारी रात्री परत बसा आणि शुक्रवारी लेक्चरला हजर राहा. ट्रॅव्हल्सवाल्यांनी एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घ्यायचं नाही असा नियम आहे, तो गर्दीच्या दिवशी कुणाला सापडला तर कळवा. पोस्टल मत विद्यार्थ्याला नाही. गावाबाहेरून मत देता येईल अशा यंत्राचा प्रस्ताव आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये पक्षांसमोर मांडला, पण ते अजून प्रत्यक्ष मतदानाला आलेलं नाही. आणि तुम्ही रिक्षानं दहा मिनिटांत बूथवर जाऊन बोटाचे फोटो टाकता आणि वर यांना नावं ठेवता? लाज वाटू द्या थोडी. आधी तुमच्या भाडेकरूंचे करार नोंदवा.

पोरांनो, तुम्हीही काही धुतल्या तांदळाचे नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर जागे होता, तोवर दार बंद व्हायला आलेलं असतं. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंतच नोंदणी होते. घर की हॉस्टेल, ते पहिल्या सेमिस्टरलाच ठरवा. जिथं चार वर्षं रस्ता, पाणी, बस वापरणार तिथलं मत घ्या, किंवा गावचं ठेवा आणि जायची तयारी ठेवा. फॉर्म मोबाईलवर भरता येतो. संदर्भ क्रमांक जपा, बीएलओचा फोन उचला, डिग्री झाली की हॉस्टेलचं नाव फॉर्म ८ भरून हलवा. अर्ज फेटाळला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील करता येतं. ते करा, आणि घरमालकानं काय सांगितलं होतं तेही त्यात लिहा.